रुपयाएवढी

शालिमारला माझं दुकान होतं, आठ बाय दहाचं.
मागच्या भिंतीला सव्वीस टाक्या,
दिवसभर बुडबुड.
कासवं मात्र काउंटरवर, प्लास्टिकच्या टबात,
खोट्या माडाखाली.
हिरवीगार, कानापाशी लाल रेघ,
घाईत कुणी कुंकू भलतीकडेच ओढावं तशी.
"एवढीच राहतात का हो?"
"एवढीच," मी सुटे पैसे मोजत म्हणायचो.
रुपयाएवढी.

खोटं होतं. मला माहीत होतं.
जोडी दीडशेला.
वास्तुवाल्याची चिठ्ठी घेऊन आलेल्याला दोनशेला:
उत्तरेला ठेवा, पैसा टिकतो.

दोन वर्षांत रुपयाची बशी व्हायची,
बशीची ताटली.
पाण्याला वास, बोटाला चावा, आणि बायको म्हणायची,
हे घरात नको.

आपल्याकडे सोडायची जागा ठरलेली आहे.
दिवा तिथे, राख तिथे,
काच फुटलेली देवाची तसबीर तिथे.
मग रात्री साडेनऊला स्कूटरच्या पायाशी बादली,
मागे पेंगुळलेला मुलगा,
त्याला सांगायचं, बघ, गेलं ते आपल्या घरी.

घर मिसिसिपीवर.
मी नकाशात शोधलं, दुकान बंद पडल्यावर.
तेव्हा वेळच वेळ होता.

आता सकाळी आनंदवल्लीच्या बंधाऱ्याकडे फिरतो,
डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.
तिथे एका खडकावर ती उन्हाला बसतात.
अकरा. मान वर, मागचे पाय ताणून,
पेन्शनर बसावेत तशी.
चप्पल वाजली की टपाटप पाण्यात.
ओळख दाखवत नाहीत.

भिवा लिलके जाळं झटकत होता.
काळा, काटेरी, चिलखत घातल्यासारखा मासा
त्याने माझ्या पायाशी टाकला.
"हा तुमच्याकडचाच ना, शेठ?
जाळं फाडतो. खात कुणी नाही.
कुत्रं पण हुंगून जातं."
तीस रुपयांना विकायचो मी तो, टाकीची काच पुसायला.
अख्खी गोदावरी पुसतोय आता.

"पूर्वी मऊ पाठीचं कासव असायचं इथं," भिवा म्हणाला,
"नळीसारख्या नाकाचं. माझा बाप हात जोडायचा त्याला.
दिसलं नाही बरेच दिवसात."
मग माझ्याकडे बघून,
"तुमच्यामुळंच असं नाही. गटारं पण हायेत."
त्या 'पण'वर मी घरापर्यंत चालत आलो.

ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं.
पुलावर गर्दी, मोबाईल वर धरलेले,
खाली दारं, भोपळे, कुणाची तरी टपरी.
मी मनात म्हटलं, गेली.
नांदूरमधमेश्वर, पैठण, पार नांदेड,
आता तिकडचं तिकडे.
हलकं वाटलं. खोटं का बोलू.
आपणही पाणी सोडलं, असं वाटलं.

सप्टेंबरात खडक उघडा पडला.
नऊ होती. दोन कमी.
आणि कडेला, शेवाळ्यावर, एक हिरवा ठिपका.
आधी पान वाटलं.
पानाने मान काढली.

याला कुणी विकलं नव्हतं.
कुठल्या बादलीतून आलं नव्हतं,
कुठल्या पोराचं याने बोट चावलं नव्हतं.
गंगेवरच्या गुरुजींच्या वहीत
माझ्या सात पिढ्या आहेत, गावासकट.
याचं गाव काय लिहायचं?
इथलंच, ना.
अंडं इथल्या वाळूत उबलं.

खिशात हात गेला.
रुपया निघाला, तो डोळ्यासमोर धरला,
दुसरा डोळा मिटून.
कासव झाकलं गेलं.
खडकही गेला, भिवाची होडी गेली, पलीकडचा काठ.
एवढा जवळ धरला की
रुपयामागे काय मावत नाही?

हात खाली केला.
ते होतंच.
माझ्याकडे बघत नव्हतं,
ऊन खात होतं.